तारीख सांगा, मग वाट पाहू

गेल्या महिन्यात बेळगावातल्या एका मंगल कार्यालयात वधू-वर मेळाव्याला गेले होते. मुलामुलींच्या परिचयापेक्षा गाजला तो व्यासपीठावरचा वाद: परदेशातल्या मुलांना मुली द्याव्यात की नाही? वादाचं कारण सगळ्यांच्या माहितीतलं. लग्न होतं, तीन आठवड्यांची रजा संपवून मुलगा परत जातो, मुलगी मागं राहते, आणि तिचा तिकडं राहायचा परवाना, ज्याला आमच्याकडं सगळे नुसतं ‘परमिट’ म्हणतात, तो काही येत नाही. कुणाचे आठ महिने झालेले, कुणाचं वर्ष उलटलेलं. एक गृहस्थ म्हणाले, “परमिट हातात पडल्याशिवाय अक्षता टाकूच नयेत.” लगेच एक निवृत्त सुभेदार उठले. “आमच्या बायकांनी कुठं परमिट मागितलं होतं? आम्ही सीमेवर, त्या गावात. वर्षंच्या वर्षं काढली. ह्या पोरींना चार महिने काढवेनात.” टाळ्या दोघांनाही पडल्या. मला दोघांचंही पटलं नाही.

पहिल्या गृहस्थांचं म्हणणं चटकन बाजूला ठेवता येतं. पत्नी म्हणून अर्ज करायचा तर बहुतेक ठिकाणी विवाहनोंदणीचा दाखला आधी लागतो. परमिटशिवाय लग्न नको आणि लग्नाशिवाय परमिट नाही, असं हे गोल रिंगण आहे. सुभेदारांचं म्हणणं मात्र तसं झटकून टाकता येणार नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या या गावात तर नाहीच. खानापूर, चंदगड, निपाणी, कुठल्याही गल्लीत जा, नवऱ्याची वाट बघत संसार केलेली म्हातारी भेटतेच. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांच्या बायकांनीही गणपती ते गणपती अशीच वर्षं मोजली. त्यांच्यापुढं आजच्या मुलींचं रडगाणं कुणाला हलकं वाटलं तर त्यात नवल नाही.

मेळावा संपल्यावर जेवणाच्या पंगतीत त्याच सुभेदारांच्या पत्नी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना छेडलं, “तुम्ही बरी वाट बघितलीत की!” त्या हसल्या. म्हणाल्या, “बघितली की. पण ह्यांची सुट्टी कवा, ते मला ठावं असायचं. कॅलेंडरवर गोल करून ठेवायची मी. ह्या पोरीनं गोल कुठं करायचा?”

माझं सगळं म्हणणं या प्रश्नात आहे. वेळ लागतो ही माझी तक्रार नाही. किती वेळ लागेल हे कुणी सांगत नाही, आणि का लागतोय हेही सांगत नाही, ही तक्रार आहे. सुभेदारीणबाईंचा विरह आणि आमच्या सुनेचा विरह यांची तुलनाच होत नाही, कारण एकाला दुसरा काठ होता. काठ दिसत असला की माणूस पोहतो. सुट्टी रद्द झाली तर तार यायची. दुःख व्हायचं, पण कळायचं. पैसे दरमहा यायचे. पलटणीला बाईचं अस्तित्व ठाऊक होतं. परमिटच्या रांगेतली मुलगी मात्र दोन्हीकडच्या दप्तरांत एक अर्ज क्रमांक असते.

ही सून म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. माहेर गडहिंग्लजचं, सासर बेळगावचं. पुतण्या युरोपातल्या एका देशात यंत्रशाळेत काम करतो. उद्यमबागेत लेथवर हात बसलेला मुलगा. देशाचं आणि कचेरीचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की वाद त्या एका देशाचा होतो. अर्जाला चौदा महिने झाले. संगणकावर एकच शब्द दिसतो, त्याचा अर्थ ‘प्रलंबित’. तिकडची कचेरी सकाळी नऊला उघडते, म्हणजे आमचे उन्हाळ्यात साडेबारा. ही ताट वाढून घेते आणि मोबाईल उघडते. ऑक्टोबरअखेर तिकडं घड्याळं तासभर मागं करतात, तेव्हापासून आमच्या घरातलं जेवण दीडवर गेलं. कुणी ठरवून नेलं नाही. आमटी निवते, ती बोटानं पडदा खाली ओढत राहते, मग मोबाईल पालथा ठेवून जेवते. सासू काही बोलत नाही. न बोलणंही ऐकू येतंच.

आता विरोधी बाजू. ती मी कच्ची करून मांडणार नाही. पहिला मुद्दा असा की देश त्यांचा, दार त्यांचं. कुणाला आत घ्यायचं हे तेच ठरवणार. मान्य. दुसरा, कागदोपत्री लग्नं होतात, परमिटपुरती बायको दाखवली जाते, मुलीला न विचारता बोहल्यावर उभं केलेलं असतं. हेही खरं. जर्मनीनं 2007 साली तिकडं येणाऱ्या जोडीदाराला जुजबी जर्मन आलंच पाहिजे अशी अट घातली, तेव्हा जबरदस्तीच्या लग्नांना आळा घालणं हे एक कारण दिलं होतं. त्यावर वाद घालता येईल, पण जबरदस्तीची लग्नं होत नाहीत असं आमच्या भागातलं कुणी छातीवर हात ठेवून म्हणेल का? तिसरा मुद्दा मला सर्वांत बोचतो. परदेशी जाणं ही निवड आहे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेनं या जिल्ह्यातली घरं नेली. भरपाईच्या यादीत नाव शोधत फिरलेल्या बाईपुढं विमानाच्या तिकिटाची वाट पाहणारीचं दुःख काय मोठं? आणि चौथा, आपण तरी काय वेगळे? भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर आपल्या कायद्यात सात वर्षं इथं राहण्याची अट आहे. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला इथं कायम येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड, हवं तर नोंदणी झालेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं.

शेवटापासून सुरू करते. सात वर्षं, दोन वर्षं या अटी आहेत. कुणाला त्या जाचक वाटतील, पण पहिल्याच दिवशी कळतात. सात वर्षांची अट ऐकून माणूस घर घेतो, नोकरी शोधतो, नाहीतर लग्नाचा विचार बदलतो. ‘कळवू’ या शब्दावर कुणाला घर घेता येतं का? अटीला हिशेब असतो, विलंबाला नसतो. राहता राहिली पूरग्रस्त बाई. तिचं दुःख मोठं आहे यात वादच नाही, पण तिला छळणारी गोष्ट कोणती? पाणी तर महिन्यात ओसरलं. तिचीही फाईल कुठल्या टेबलावर आहे आणि तिथून कधी हलणार, हे कुणी सांगितलं नाही. या दोघींना एकमेकींसमोर उभं करणारा माणूस टेबलामागच्याला मोकळा सोडतो.

तपासणीला वेळ लागतो, हा मुद्दा जरा उघडून बघू. युरोपीय संघाचा कुटुंब एकत्रीकरणाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी पाळायचा नियम, 2003 सालचा. त्यात लिहिलंय की अर्ज दिल्यापासून शक्य तितक्या लवकर आणि फार तर नऊ महिन्यांत लेखी निर्णय द्यायचा. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तरच अपवाद म्हणून मुदत वाढवता येते. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशाला बांधील नाहीत. स्थळ बघताना पगाराबरोबर हेही विचारावं, पण आमच्याकडं पत्रिकेतला मंगळ आधी बघतात. आता 2021 चा ब्लू कार्डचा निर्देश बघा. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित आणि भरपूर पगाराच्या नोकरदाराचा परवाना. त्याच्या बायकोमुलांचा अर्ज त्याच्या अर्जाबरोबरच आला, तर अटी पुऱ्या होत असल्यास परवानेही बरोबरच द्यायचे. नंतर आला तर नव्वद दिवसांत निर्णय. म्हणजे संगणक अभियंत्याच्या बायकोला नव्वद दिवस आणि लेथवाल्याच्या बायकोला नऊ महिने. लग्न तेच, सप्तपदी तीच, दाखला त्याच कचेरीतला. मग अभियंत्याच्या लग्नाचा खरेपणा तपासायला एवढा कमी वेळ कसा पुरतो? पगार बघून तपासणी लवकर उरकता येत असेल, तर अडचण तपासणीची नाही. माणसं कुठल्या टेबलावर किती बसवायची, हे कुणीतरी ठरवलेलं आहे.

‘देश त्यांचा, नियम त्यांचे’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: नियम त्यांचेच ना? मग नऊ महिन्यांचा नियमही त्यांचाच आहे. तो पाळा म्हणणं म्हणजे आगाऊपणा कसा?

नकारापेक्षा विलंब वाईट का, हेही नीट समजून घेतलं पाहिजे. नकार आला तर त्यात कारण असतं, त्यावर अपील करता येतं, वकील काहीतरी वाचू शकतो. प्रलंबिताविरुद्ध अपील कशावर करणार? हे ओळखून काही देशांनी कचेरीच्या मौनालाच जाब विचारायची सोय केली. स्वीडनच्या प्रशासन कायद्यात सहा महिने उलटल्यावर अर्जदाराला लेखी मागणी करता येते की माझं प्रकरण निकाली काढा. कचेरीनं चार आठवड्यांत एकतर निर्णय द्यायचा, नाहीतर मागणी नाकारल्याचा वेगळा आदेश काढायचा, आणि त्या आदेशावर दाद मागता येते. ही मागणी एका प्रकरणात एकदाच करता येते, म्हणून घाई करून ती वाया घालवू नये. जर्मनीत सबळ कारणाशिवाय तीन महिन्यांत निर्णय झाला नाही, तर निष्क्रियतेविरुद्ध थेट प्रशासकीय न्यायालयात जाता येतं.

आणि हे काही गोऱ्यांचंच शहाणपण नाही. कर्नाटकानं 2011 साली सेवाहमीचा कायदा केला, 2012 पासून ‘सकाल’ सुरू झालं. जातीचा, उत्पन्नाचा दाखला मागायला गेलात की क्रमांक मिळतो, मुदत मिळते. मुदत टळली तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे. महाराष्ट्राचा असा कायदा 2015 चा. वीस रुपयांत आज खडेबाजारात धड चहा-नाश्ता होत नाही, आणि ते वीस रुपये मागायला किती जण जातात हा प्रश्न आहेच. पण त्या आकड्यामागचं तत्त्व मला मोलाचं वाटतं: नागरिकाचा दिवस फुकट नाही.

आमच्या सुनेच्या चौदा महिन्यांचा हिशेब मांडला तर त्याआधीचे पाच महिने इथलेच आहेत. तिचा जन्मदाखला महाराष्ट्राचा, विवाहनोंदणी कर्नाटकाची. आम्हाला सांगण्यात आलं की एकाची पडताळणी मुंबईकडून, दुसऱ्याची बंगळूरकडून. बेळगावहून दोन्हीकडं साधारण पाचशे किलोमीटर. सीमेवर राहायचा हा फायदा! शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. विवाहाच्या दाखल्यावर आडनाव कन्नडातून इंग्रजीत उतरताना एक अक्षर जास्तीचं चिकटलं. नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर गावाचं नाव ‘बेलगाम’, कारण तो 2014 च्या आधीचा. विवाहाच्या दाखल्यावर ‘बेळगावी’. तिकडच्या कचेरीनं विचारलं, ही दोन गावं आहेत का? या प्रश्नावर इथं माणसं सहा-सात दशकं भांडताहेत, त्याचं उत्तर शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून द्यायचं होतं. प्रतिज्ञापत्र करणाऱ्या वकिलानं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “काय लिहू? एकच गाव म्हणून लिहू न्हवं?” मी म्हटलं, लिहा.

मधल्या नावाची आणि अक्षरांची ही दुरुस्ती लग्नाच्या आधी करता येते, त्याला कुठलाही परदेश आड येत नाही. पत्रिका छापायच्या आधी पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला एका ताटात ठेवून नावं जुळवावीत, आणि विवाहनोंदणीच्या फॉर्मवर इंग्रजी अक्षरं पासपोर्टप्रमाणंच आहेत ना, हे मुलीनं स्वतः वाचून मग सही करावी. हॉलचं, आचाऱ्याचं, बँडचं बुकिंग वर्षभर आधी करणारी आपण माणसं नोंदणीच्या दिवशी “करून टाका हो लवकर, मुहूर्त आहे” म्हणतो. पाच महिने तिथं गेले.

बायकोच्या कागदावरून झालेल्या एका जुन्या लढ्याची आठवण इथं काढायला हवी. 14 मार्च 1913 रोजी दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. प्रकरण होतं तिथल्या एका हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाच्या बायकोला देशात येऊ द्यायचं की नाही, याचं. निकालाचा अर्थ असा निघाला की ख्रिस्ती पद्धतीनं न झालेली आणि नोंद नसलेली हिंदी लोकांची लग्नं कायद्याच्या लेखी लग्नंच नव्हेत. एका रात्रीत हजारो बायका कागदावर बिनलग्नाच्या ठरल्या. तेव्हाही ‘देश त्यांचा’ म्हणणारे असतीलच. पण तोवर गांधीजींच्या तिथल्या सत्याग्रहापासून दूर ठेवलेल्या स्त्रिया त्या वर्षी बाहेर पडल्या. सप्टेंबरात कस्तुरबांनी सीमा ओलांडून अटक करवून घेतली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. आदल्याच वर्षी तिकडं जाऊन आलेल्या गोखल्यांनी इथं पैसा आणि लोकमत उभं केलं. 1914 च्या कायद्यानं ती लग्नं मान्य झाली. पुढं 1924 मध्ये याच बेळगावात, टिळकवाडीत, गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या वाट्याला आलेलं ते एकमेव अध्यक्षपद. त्याची शताब्दी आपण केली, रोषणाई केली. 1913 ची आठवण त्यात कुणी काढलेली मी तरी ऐकली नाही.

तुलना ताणू नये, हे मला समजतं. तिथं कायद्यानं लग्न पुसलं होतं. इथं लग्न कुणी नाकारत नाही, नुसतं टेबलावर ठेवून दिलंय. आणि दाद मागून नेहमी चांगलंच होतं असंही नाही. 1985 मध्ये ब्रिटनमधल्या तीन स्त्रियांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात खटला जिंकला: पुरुषांना बायका आणायची जी मुभा आहे, ती आम्हाला नवरे आणायला नाही, हा भेदभाव आहे. न्यायालयानं मान्य केलं. सरकारनं भेदभाव काढला तो पुरुषांचे नियमही तितकेच कडक करून! त्यामुळं ‘उगाच पत्र लिहून त्यांना डिवचू नका’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांची भीती अगदीच पोकळ नाही. तरी मुदत संपल्यावर सभ्य भाषेत ‘काय झालं?’ विचारणं म्हणजे डिवचणं नव्हे. गप्प राहणाऱ्याची फाईल वर येते, असं मी एकाही कचेरीत पाहिलेलं नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात ज्या भागाचाच सीमावादाचा दावा पडून आहे, तिथल्या माणसानं तरी दुसऱ्याला गप्प बसून राहायचा सल्ला देऊ नये.

विलंब तिकडच्या कचेरीनं केला, पण त्याची झळ एकट्या मुलीला बसेल अशी व्यवस्था कुणी केली? ती आपण केली. आमची सून एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. साखरपुड्यानंतर नोकरी सोडायला लावली. “आता जायचंच आहे, कशाला?” हे वाक्य माझंही आहे, कबूल करते. चार महिन्यांनी तिनं परत चौकशी केली तर उत्तर आलं, “तुम्ही जाणार ना? मग कशाला घेऊ?” माहेरी गेली तर शेजारी विचारणार, इथं राहिली तर हळदीकुंकवाला “काय गं, अजून हितंच?” त्या प्रश्नात चौकशी कमी आणि संशय जास्त. मुलाची नोकरी तिकडं चालू, पगार चालू, रजा साठते. मुलीचं मात्र शिक्षण थांबलं, नोकरी थांबली, मोबाईलचा रिचार्ज सासऱ्यांकडून. धीर धर, असं दोघांनाही सांगतात. धरावा लागतो एकीला.

म्हणून मेळाव्याच्या त्या फॉर्ममध्ये उंची, रंग, पगार, शेती यांच्याखाली परदेशातल्या मुलांसाठी आणखी काही रकाने असावेत, असं मी संयोजकांना सुचवलं. अर्ज कधी करणार? तिकडच्या कायद्यात मुदत किती? ती उलटली तर लेखी विचारणार का? मुलीची नोकरी परमिट हातात येईपर्यंत चालू राहील ना? आणि वर्ष झालं तर तू काय करणार, परत येणार का? शेवटच्या रकान्यावर संयोजक म्हणाले, “बाई, हे विचारलं तर एकही मुलगा फॉर्म भरणार नाही.” मी म्हटलं, मग तेवढं तरी आजच कळेल.

पुतण्याला मी बसवून, म्हणजे व्हिडिओवर बसवून, तेच विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. त्यानं अजून कचेरीला एक ओळही लिहिली नव्हती. मित्रांनी सांगितलं होतं, लिहिलंस तर फाईल खाली जाईल. त्या रात्री दोघांनी मिळून पत्र केलं. नऊ महिन्यांच्या मुदतीचा उल्लेख, अर्ज क्रमांक, उशिराचं कारण आणि अपेक्षित तारीख कळवण्याची विनंती, एवढंच. एकही विशेषण नाही. सुनेनं त्याच आठवड्यात एका दुसऱ्या प्रयोगशाळेत अर्ज टाकला आणि मुलाखतीत परमिटची गोष्ट स्वतःहून सांगितली. सकाळच्या पाळीला घेतलंय तिला. आता दुपारी कचेरी उघडते तेव्हा ती रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत असते.

पत्राला अकराव्या दिवशी उत्तर आलं. होकार नाही, नकारही नाही. एक कागद कमी होता म्हणे, तो चौदा महिन्यांत कुणी मागितला नव्हता. तो मिळाल्यापासून सहा आठवड्यांत निर्णय कळवू, असं लिहिलंय. कागद परवा गेला. काल संध्याकाळी ती कामावरून आली, चप्पल काढायच्या आधी स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी गेली, कॅलेंडरची दोन पानं उलटली आणि पेननं गोल केला.